सॅम्पल बिघडलेलं नाही, मीठ वेगळं आहे: सीडी स्पेक्ट्रमवरून डीएनएचा आकार ओळखताना

लातूरच्या एका महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजीचा एम.एस्सी. प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे. माणसाच्या टेलोमीअरचा (गुणसूत्राच्या टोकाचा) २२ बेसचा तुकडा, म्हणजे एजीजीजी आणि त्यापुढे तीनदा टीटीएजीजीजी (ए, जी, टी आणि सी ही डीएनएच्या बेसची अक्षरं), त्यांनी मागवला. विभागातच पोटॅशियमच्या बफरमध्ये तयार केला आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला नेऊन सीडी (सर्क्युलर डायक्रोइझम, डीएनएचा आकार ओळखण्यासाठी प्रकाशाची मोजणी) घेतला. ज्या पेपरशी तुलना करायची होती त्यात २९५ नॅनोमीटरला पॉझिटिव्ह आणि २६५ ला निगेटिव्ह पीक आहे. यांच्याकडे २९० ला पॉझिटिव्ह, २६८ च्या आसपास खांदा (पीकच्या उतारावरचा फुगवटा) आणि २४० ला निगेटिव्ह आलं. सॅम्पल प्रवासात खराब झालं का? आणि सीडी मशीनवर पुन्हा वेळ मिळेपर्यंत विभागातल्या यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काही करता येईल का?

सॅम्पल खराब झालेलं नाही. तुमचा स्पेक्ट्रम अगदी बरोबर आहे, फक्त तुलना चुकीच्या पेपरशी झाली. हाच तुकडा सोडियममध्ये एका आकारात घडी घालतो आणि पोटॅशियममध्ये दुसऱ्या. १९९३ साली वांग आणि पटेल यांनी एनएमआरने सोडियममधली रचना दाखवली. तिच्यात शेजारच्या साखळ्या, म्हणजे घडीत शेजारी आलेले एकाच तुकड्याचे भाग, उलटसुलट दिशेने जातात. तिला अँटिपॅरलल म्हणतात. तिचा सीडी २९५ ला वर, २६५ ला खाली आणि २४५ जवळ पुन्हा थोडा वर असतो. पोटॅशियमच्या द्रावणात तीन साखळ्या एका दिशेला आणि चौथी उलट, अशी संकरित रचना बनते. तिची खूण म्हणजे तुम्हाला आलेला २९० चा पीक आणि २६८ चा खांदा. गंमत म्हणजे पोटॅशियममध्येच या क्रमाचा स्फटिक केला तेव्हा २००२ साली पार्किन्सन, ली आणि नीडल यांना चारही साखळ्या एका दिशेच्या मिळाल्या. तेव्हा ‘टेलोमीअरचा आकार कोणता’ या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणत्या आयनमध्ये, किती तापमानाला, कसं थंड केलेलं, हे सांगितल्याशिवाय सीडीच्या रेघेला अर्थ येत नाही. खाली जे लिहिलं आहे ते बहुतेक याच एका मुद्द्याभोवती आहे: सीडीचा निकाल मशीनसमोर बसण्याआधी, पाण्याच्या आणि बफरच्या बाटलीतच ठरलेला असतो.

रेघ नेमकं काय सांगते

डीएनएचे बेस स्वतः सपाट असतात, त्यांना डावं-उजवं नसतं. पण ते साखरेच्या कण्याला जोडले जाऊन एकमेकांवर वळण घेत रचले गेले की ती रचना डावीकडे फिरणारा प्रकाश आणि उजवीकडे फिरणारा प्रकाश सारख्या प्रमाणात शोषत नाही. हा फरक म्हणजे सीडी. तो फार लहान असतो, म्हणून मिलिडिग्रीत मोजतात. बेसच्या थरांचं वळण बदललं की रेघ बदलते.

ओळखीचे आकार असे. नेहमीचा बी-डीएनए २७५ ते २८० ला वर आणि २४५ ला खाली जातो. दोन्ही पीक उंचीने जवळजवळ सारखे आणि बेताचेच. ए-रूप २६० ते २६५ ला जोरात वर आणि २१० ला खाली. डावखुरा झेड-डीएनए २६० ला वर, २९० ला खाली, म्हणजे बी-रूपाची जवळजवळ उलटी रेघ. पोल आणि जोव्हिन यांनी १९७२ साली जीसी-जीसी क्रमाच्या पॉलिमरमध्ये जास्त मिठाला हीच उलटापालट पाहिली आणि तिचा अर्थ १९७९ च्या स्फटिक-रचनेनंतर उलगडला. सी-समृद्ध साखळी आम्ल बफरमध्ये, पीएच ५ ते ५.५ ला, आय-मोटिफ बनवते: २८५ ते २८८ ला वर, २६० च्या आसपास खाली.

जी-क्वाड्रुप्लेक्समध्ये चार जी मिळून एक चौकोन होतो, असे चौकोन एकावर एक बसतात आणि मधल्या पोकळीत पोटॅशियम किंवा सोडियम अडकतो. पॅरलल (चारही साखळ्या एका दिशेच्या) घडी २६४ ला वर आणि २४० ला खाली दिसते. अँटिपॅरलल आणि संकरित रूपं वर सांगितलीच आहेत. इथे एक बारकावा बरेच जण विसरतात. सीडीला साखळीची दिशा दिसत नाही. एका चौकोनातला जी आणि त्यावरचा जी साखरेच्या संदर्भात एकाच बाजूला तोंड करून बसलेत की विरुद्ध बाजूला, हे सीडीला दिसतं. सारखं तोंड असेल तर २६४ वाढतो, विरुद्ध असेल तर २९५. दिशा आपण त्यावरून अनुमानाने काढतो आणि ते अनुमान बहुतेक वेळा बरोबर येतं, नेहमी नाही. म्हणून प्रबंधात ‘सीडीवरून पॅरलल रचना सिद्ध झाली’ असं न लिहिता ‘सीडी पॅरलल रचनेशी सुसंगत आहे’ असं लिहावं. शिवाय २६४ चा पीक दुपदरी आरएनएही देतो, कारण तो ए-रूपात असतो. नुसत्या २६४ वर विसंबून क्वाड्रुप्लेक्स जाहीर करू नका.

पाणी

मराठवाड्यातल्या प्रयोगशाळांना हा भाग सगळ्यात जास्त नडतो. बेसाल्टातलं बोअरचं पाणी जड असतं, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. वर्षभर एकच पाणीही येत नाही: काही महिने नळाचं, मग बोअरचं, उन्हाळ्यात टँकरचं. आरओच्या नळातून बाहेर पडणारं पाणी त्याप्रमाणे बदलतं आणि पिण्याला चालणारं आरओचं पाणी या कामाला चालत नाही. हिशोब करून पाहा. लिटरमध्ये २३ मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ मिलिमोलर. ३९ मिलिग्रॅम पोटॅशियम म्हणजे १ मिलिमोलर. टीडीएस मीटर ५० दाखवत असेल आणि त्यातले १० मिलिग्रॅम जरी सोडियम धरले तरी ०.४ मिलिमोलर सोडियम आधीच आत आलं. १०० मिलिमोलर पोटॅशियमच्या बफरमध्ये ते बुडून जाईल, पण ‘सोडियम-पोटॅशियम नसताना घडी होत नाही’ हे दाखवणारा लिथियमचा कंट्रोल त्याने बिघडतो. आणि पोटॅशियम असेल तर १ मिलिमोलरदेखील मजबूत क्वाड्रुप्लेक्सला अर्धवट घडी घालायला पुरतो. कॅल्शियम वेगळा त्रास देतो: फॉस्फेट बफरमध्ये त्याचा बारीक साका बसतो, डोळ्यांना दिसत नाही, पण प्रकाश विखुरतो आणि सगळी रेघ तिरकी होते.

१८.२ मेगाओहमचं पाणी जिथे मिळतं तिथून प्लॅस्टिकच्या स्वच्छ बाटलीत दोन लिटर आणून ठेवा. एका प्रकल्पाला ते पुरतं. काचेच्या बाटलीत ठेवू नका, काचेतून सोडियम उतरतं. पेल्टिअरला (सॅम्पलचं तापमान राखणाऱ्या ब्लॉकला) पाणी फिरवणारा सर्क्युलेटर असेल तर त्यातही बोअरचं पाणी घालू नका. एका उन्हाळ्यात नळ्यांमध्ये क्षार साचतात आणि तापमान स्थिर राहत नाही.

बफर आणि स्टॉक

पीएच मीटरचा इलेक्ट्रोड ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडने भरलेला असतो आणि तो थोडाथोडा झिरपतो. सोडियम किंवा लिथियमच्या बफरमध्ये तो सरळ बुडवला की पोटॅशियम आत गेलंच. म्हणून थोडं द्रावण वेगळ्या ट्यूबमध्ये काढून पीएच बघा आणि ते फेकून द्या. त्याहून सोपं म्हणजे ठरलेल्या प्रमाणात मिसळा. दहापट स्टॉक, १०० मिलीसाठी: १ मोलर डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट ६.१५ मिली, १ मोलर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ३.८५ मिली, पोटॅशियम क्लोराइड ७.४६ ग्रॅम, बाकी पाणी. दहापट पातळ केल्यावर १० मिलिमोलर फॉस्फेट आणि १०० मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड मिळतं, पीएच ७ च्या आसपास. फॉस्फेटमधलं धरून एकूण पोटॅशियम ११६ मिलिमोलर होतं, ते तसंच लिहा. सोडियमच्या बफरला डायसोडियम ५.७७ मिली, मोनोसोडियम ४.२३ मिली आणि सोडियम क्लोराइड ५.८४ ग्रॅम. मीठ घातल्यावर पीएच किंचित उतरतो. दोन्ही बफरमध्ये सारखाच उतरत असल्याने तुलनेला अडचण नाही. ट्रिस टाळा. तापमान एक अंश वाढलं की त्याचा पीएच ०.०३ च्या जवळपास घसरतो, म्हणजे २५ ते ९० अंशांच्या मेल्टमध्ये (गरम करत घडी उलगडताना बघण्याच्या मोजणीत) पीएच जवळजवळ दोनने बदलतो. लिथियम कॅकोडिलेट पेपरांमध्ये फार दिसतं आणि चांगलं बफर आहे, पण त्यात आर्सेनिक असतं. हातमोजे घाला आणि सिंकमध्ये ओतू नका.

आता ऑलिगो, म्हणजे मागवलेला डीएनएचा तुकडा. लेबलवर समजा १० ओडी (प्रकाश किती शोषला त्यावरून मोजलेलं प्रमाण) लिहिलेत. या २२ बेसच्या क्रमाचा मोलर एक्स्टिंक्शन (१ मोलर द्रावण किती प्रकाश शोषतं तो आकडा) २६० ला २,२८,५०० आहे, म्हणजे १० ओडी हे ४३.८ नॅनोमोल झाले आणि ४३८ मायक्रोलिटर शुद्ध पाण्यात स्टॉक १०० मायक्रोमोलर व्हायला हवा. लेबलवर विश्वास ठेवून थांबू नका. २५ मायक्रोलिटर स्टॉक ९७५ मायक्रोलिटर पाण्यात घ्या, ९० अंशांना गरम करून तिथेच २६० चं अ‍ॅब्सॉर्बन्स वाचा. गरम का, तर एक्स्टिंक्शनचा आकडा उलगडलेल्या साखळीचा आहे. घडी घातलेल्या साखळीवर तो लावला की सांद्रता चुकते. ०.५७ यायला हवं. ०.५० आलं तर खरा स्टॉक ८७.५ मायक्रोमोलर आहे. मग १ मिलीत ४ मायक्रोमोलर हवं असेल तर ४६ मायक्रोलिटर स्टॉक, १०० मायक्रोलिटर दहापट बफर आणि ८५४ मायक्रोलिटर पाणी.

स्टॉक पाण्यातच ठेवा, पोटॅशियमच्या बफरमध्ये नको. जास्त सांद्रतेच्या, पोटॅशियम असलेल्या स्टॉकमध्ये फ्रीझरमधल्या महिन्याभरात वेगवेगळ्या साखळ्या एकमेकींत गुंततात. त्या गुंत्याचा पीक २६४ ला येतो आणि एकदा तो पक्का झाला की पोटॅशियममध्ये ९५ अंशांनाही सुटत नाही. दर वेळच्या स्कॅनमध्ये २६४ चा खांदा वाढत चालला असेल तर संशय आधी इथे घ्या.

ऑलिगो मागवताना एचपीएलसी किंवा जेलने शुद्ध केलेलाच मागवा. नुसता डीसॉल्टेड तुकडा पीसीआरच्या प्रायमरला चालतो. इथे एक-दोन बेस कमी असलेल्या साखळ्यांमधला एखादा जी गळलेला असतो, त्या नीट घडी घालत नाहीत आणि पीक पसरतो.

गरम करून थंड करणं

सगळे घटक मिसळल्यावर ९५ अंशांना ५ मिनिटं ठेवा आणि मग मिनिटाला १ अंशाने २५ पर्यंत उतरवा. पीसीआर मशीन यासाठी उत्तम. ते नसेल तर मोठ्या बीकरमधल्या उकळत्या पाण्यात ट्यूब ठेवून, गॅस बंद करून, झाकून रात्रभर सोडा. बर्फात टाकून झटक्यात थंड केलेलं आणि सावकाश थंड केलेलं सॅम्पल वेगळा स्पेक्ट्रम देऊ शकतं. कोणत्या पद्धतीने केलं ते वहीत लिहाच.

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द मात्र वहीत नको. लातूर-नांदेडला मे महिन्यात एसी बंद असलेल्या खोलीत ३८ अंश सहज होतात आणि डिसेंबरच्या सकाळी १८. थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटणारा १५ बेसचा तुकडा पोटॅशियममध्ये ५० अंशांच्या आसपास वितळतो, सोडियममध्ये विशीतच. म्हणजे सोडियममधला हा तुकडा डिसेंबरात घडी घातलेला दिसेल आणि मे महिन्यात उलगडलेला, आणि दोन्ही वेळा वहीत एकच शब्द लिहिलेला असेल. सीडी आणि यूव्ही दोन्ही पेल्टिअरवर २५ किंवा २० ला लावून, पाच मिनिटं थांबून मगच घ्या.

मशीनवर

सीडी मशीन आपल्याकडे हाताशी नसतं. पुणे, मुंबई किंवा हैदराबादला जावं लागतं आणि तासाच्या हिशोबाने वेळ मिळतो. म्हणून काय बघायचं ते आधीच ठरवून जा.

दिवा लावण्याआधी ५ ते १० मिनिटं नायट्रोजन सुरू असायला हवा आणि दिवा बंद केल्यावरही थोडा वेळ चालू राहायला हवा. झेनॉनचा दिवा हवेतल्या ऑक्सिजनपासून ओझोन बनवतो, त्याने आरसे खराब होतात. दिवा अर्धा तास तापू द्या. मशीन बरोबर मोजतंय का हे तपासायला ०.०६ टक्के अमोनियम डी-१०-कॅम्फरसल्फोनेटचं द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (सॅम्पल ठेवायच्या पारदर्शक भांड्यात) ठेवा, २९०.५ नॅनोमीटरला १९०.४ मिलिडिग्री यायला हवेत. तिथल्या ऑपरेटरने ते महिन्याभरात केलं असेल तर आकडा विचारून घ्या.

सेटिंग: ३२० ते २२० नॅनोमीटर, बँडविड्थ १ नॅनोमीटर, वेग मिनिटाला ५० नॅनोमीटर, प्रतिसाद वेळ १ सेकंद, ३ किंवा ४ स्कॅनची सरासरी. घाईत बहुतेक जण वेग १०० आणि प्रतिसाद वेळ २ सेकंद ठेवतात. त्यात मशीन एक बिंदू नोंदवेपर्यंत ३.३ नॅनोमीटर पुढे सरकलेलं असतं. पीक स्कॅनच्या दिशेने सरकतो आणि चपटा होतो. ५० आणि १ सेकंदाला हे सरकणं ०.८३ नॅनोमीटर, म्हणजे बँडविड्थच्या आत राहतं. २९५ आणि २९० मधला फरक हाच तुमचा मुद्दा असताना ३ नॅनोमीटरची चूक परवडणार नाही.

स्कॅन चालू असताना डिटेक्टरच्या व्होल्टेजची रेघही स्क्रीनवर ठेवा. साधारण ६०० व्होल्टच्या वर गेली की त्या तरंगलांबीखालचे आकडे टाकून द्या, कितीही सुंदर पीक दिसत असला तरी. तिथे प्रकाशच पोचलेला नाही. सॅम्पल आणि बफर मिळून एकूण अ‍ॅब्सॉर्बन्स १ च्या खाली ठेवा. ४ मायक्रोमोलरला तुमच्या क्रमाचं ०.९ येतं, ते ठीक आहे. २०० च्या खाली जायची गरज नाही. तिथे क्लोराइडच प्रकाश खातो.

क्युव्हेट क्वार्ट्झचंच हवं. ते दर वेळी एकाच बाजूने बसवा. वरच्या कडेला छोटी खूण करून ठेवा, कारण क्वार्ट्झमधल्या ताणामुळे प्रत्येक बाजूची पायाभूत रेघ वेगळी असते. ब्लँक त्याच क्युव्हेटमध्ये, त्याच बाजूने आणि त्याच बाटलीतल्या बफरचा. पुण्याला जाताना बफरची बाटली घरी राहिली आणि तिथल्याच कोणाचा फॉस्फेट ब्लँक म्हणून वापरला, तर ते वजा करणं व्यर्थ आहे. क्युव्हेट शेवटी शुद्ध पाण्याने आणि मग इथेनॉलने धुवा, नळाचं पाणी शेवटी नको. वाळल्यावर पांढरी झाक राहते ती २२० ते २४० मध्ये दिसते. ३२० नंतर रेघ शून्यावर नसेल तर प्रकाश विखुरतोय असं समजा: साका, बुडबुडे किंवा घाण. पावसाळ्यात २० अंशांखाली मोजताना क्युव्हेटच्या बाहेरच्या भिंतीवर दव धरतो, त्यानेही हेच होतं. नायट्रोजनचा झोत सॅम्पलच्या कप्प्यातही सोडा.

मिलिडिग्रीवरून डेल्टा एप्सिलॉन काढायचा तर मिलिडिग्रीला ३२,९८०, मोलर सांद्रता आणि सेंटिमीटरमधली पाथ लांबी यांच्या गुणाकाराने भागा. ४ मायक्रोमोलर आणि १ सेंटिमीटरला भाजक ०.१३२ येतो. १६ मिलिडिग्री म्हणजे साखळीमागे १२१. २२ बेसने भागलं तर बेसमागे ५.५. पेपरमध्ये यातला कोणता आकडा आहे ते नीट बघा. ‘माझा सिग्नल वीसपट कमी का’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. गुळगुळीतपणा आणायचाच तर थोडासा, आणि मूळ रेघ परिशिष्टात द्या.

यूव्हीवर काय होतं

बरंच होतं. जी-क्वाड्रुप्लेक्ससाठी गरम होणारा होल्डर असलेलं साधं यूव्ही अर्धं काम करतं आणि मराठवाड्यातल्या विभागांनी ते याहून कितीतरी जास्त वापरायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिलं काम थर्मल डिफरन्स स्पेक्ट्रम. २० अंशांना २२० ते ३३५ चा स्कॅन घ्या, ९० अंशांना नेऊन दहा मिनिटं थांबा, पुन्हा स्कॅन घ्या. ९० मधून २० वजा करा. क्वाड्रुप्लेक्स असेल तर २४३ आणि २७३ ला वर, २९५ ला खाली अशी ठळक आकृती येते. २००५ साली मर्निए आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या रचनांच्या अशा आकृत्या एकत्र मांडल्या. नेहमीच्या दुपदरी डीएनएत २९५ ची दरी नसते. आय-मोटिफमध्येही २९५ ला दरी असते, पण वरचा पीक २३९ ला. त्यामुळे नुसती दरी बघू नका, सगळी आकृती बघा.

दुसरं काम २९५ ला मेल्ट. दुपदरी डीएनए २६० ला बघतात आणि तिथे वितळताना अ‍ॅब्सॉर्बन्स वाढतं. क्वाड्रुप्लेक्समध्ये २९५ ला ते वितळताना घटतं. ही पद्धत १९९८ पासून रूढ आहे. बदल लहान, शतांशात असतो, म्हणून दिवा तापलेला आणि क्युव्हेट स्वच्छ हवं. सोबत ३३५ ही नोंदवा. तिथे काहीच बदलायला नको. बदललं तर बुडबुडे, बाष्पीभवन किंवा दिव्याचं डुलणं आहे. सॅम्पल आधी थोडं गरम करून त्यातली हवा घालवा, टेफ्लॉनचं घट्ट झाकण लावा, किंवा वर पॅराफिन तेलाचा पातळ थर द्या. तापमान वाढवण्याचा वेग मिनिटाला ०.५ अंश. २० ते ९० जायला १४० मिनिटं आणि परत यायला तेवढीच, म्हणजे पावणेपाच तास. मध्ये वीज गेली तर दोन तुकडे जोडू नका. सॅम्पल पुन्हा ९५ ला नेऊन पहिल्यापासून सुरू करा. ऑनलाइन यूपीएस असेल तर ते आधी या कामाला द्या.

चढतानाची आणि उतरतानाची रेघ एकमेकींवर बसली पाहिजे. बसत नसेल तर घडी सावकाश पडतेय, वेग ०.२ करा, आणि तरीही नाही बसली तर त्या आकड्याला टीएम (निम्मी घडी उलगडते ते तापमान) म्हणू नका. ब्लॉकचं तापमान आणि क्युव्हेटमधल्या द्रावणाचं तापमान यांत फरक असतो, तेव्हा ब्लँकच्या क्युव्हेटमध्ये पातळ थर्मोकपल बुडवून तो एकदा मोजून ठेवा. तुमच्या क्रमाला १०० मिलिमोलर सोडियममध्ये ५६ च्या आसपास आणि पोटॅशियममध्ये साठीच्या मधोमध टीएम अपेक्षित आहे. हे दोन आकडे आणि त्यांतलं अंतर आलं की तुमच्या बफरवर शंका घ्यायचं कारण उरत नाही.

घडी एकाच साखळीची आहे की अनेक साखळ्यांची, हेही यूव्हीवर कळतं. एकदा २ मायक्रोमोलर १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये, एकदा २० मायक्रोमोलर १ मिलिमीटरच्या क्युव्हेटमध्ये मेल्ट घ्या. अ‍ॅब्सॉर्बन्स दोन्हीकडे सारखंच राहतं. टीएम जागेवर राहिला तर एका साखळीची घडी. सांद्रतेबरोबर वर सरकला तर साखळ्या गुंतल्यात.

लिगँड (घडीला चिकटणारा लहान रेणू) घालून टीएम वाढतो का हे पुढे बघायचं असेल तर तो बहुधा डीएमएसओमध्ये विरघळवलेला असेल. डीएमएसओ २५० च्या खाली प्रकाश जोरात शोषतो, म्हणून १ टक्क्याच्या आत ठेवा आणि ब्लँकमध्येही तेवढाच घाला. लिगँड स्वतः २९५ ला शोषत असेल तर मेल्ट तिथे घेता येत नाही. मग सीडीवर २९० किंवा २६४ ला घ्यावा लागतो.

पुढच्या खेपेला काय न्यायचं

घडी घातलेलं सॅम्पल गाडीतून नेण्यापेक्षा कोरडा किंवा शुद्ध पाण्यातला ऑलिगो, तिन्ही दहापट बफर (पोटॅशियम, सोडियम, लिथियम) आणि शुद्ध पाणी वेगवेगळं न्या. पोचल्यावर मिसळून, गरम करून थंड करा. कोरडा डीएनए दोन दिवसांच्या प्रवासाने बिघडत नाही, पण उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. ट्यूबच्या झाकणातून पाणी उडतं आणि सांद्रता बदलते. दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली तर रात्रभर सावकाश थंड करता येतं.

तासाभरात हे स्कॅन बसवा: तुमचा क्रम पोटॅशियममध्ये, सोडियममध्ये आणि लिथियममध्ये, दोन्ही बाजूंना एकेक ओळखीचा मानक, आणि एक बदललेला क्रम. पॅरललचा मानक म्हणून सी-मिक या जनुकाच्या प्रमोटरचा (जनुक सुरू करणाऱ्या भागाचा) २२ बेसचा तुकडा घ्या: टीजीए-जीजीजी-टी-जीजीजी-टीए-जीजीजी-टी-जीजीजी-टीएए. अँटिपॅरललचा मानक थ्रॉम्बिनचा तुकडा: जीजी-टीटी-जीजी-टीजीटी-जीजी-टीटी-जीजी, पोटॅशियममध्ये. हे दोन २६४ आणि २९५ ला चोख आले की बफर, पाणी, क्युव्हेट आणि मशीन या चारही गोष्टी ठीक आहेत असं धरायला हरकत नाही. बदललेल्या क्रमात प्रत्येक जीजीजीच्या मधला जी काढून टी घाला, लांबी तीच ठेवा. त्याच्यात २९० चा पीक नाहीसा झाला तर तुमचा पीक चौकोनांचाच आहे हे दिसतं. हा एक कंट्रोल परीक्षकाचे निम्मे प्रश्न मिटवतो.

वेळ आणि पैसे उरले तर वनस्पतींच्या टेलोमीअरचा तुकडाही बघण्यासारखा आहे. बहुतेक सपुष्प वनस्पतींमध्ये तो टीटीटीएजीजीजी असतो, म्हणजे दोन जीजीजींमधली वेटोळी एका टीने लांब. त्या एका बेसने टीएम किती सरकतो हे तुमच्याच विभागातल्या यूव्हीवर, २९५ ला, दोन दिवसांत मोजता येईल आणि त्यासाठी पुण्याच्या वेळेची वाट बघावी लागणार नाही.